बॅटरीच्या तोंडाला कुंकू

लग्नघरात व्हिडिओवाल्याला जेवण सगळ्यात शेवटी मिळतं आणि बोलणी सगळ्यात आधी बसतात. रत्नागिरीत आणि आजूबाजूच्या गावांत आयुष्यभर हाच धंदा केल्यामुळे मला दोन्हींची सवय आहे. लग्नं, मुंजी, साखरपुडे, शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीची विसर्जनं, एकदा तर एका हौशी माणसाच्या गाईचं डोहाळजेवणसुद्धा मी टिपलं. गाय शांत होती, पाहुण्यांनीच गोंधळ घातला. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून मोठी कामं सोडली आहेत. दुकान मात्र उघडतो. कारण या धंद्यातल्या नव्या लोकांना बॅटऱ्यांबद्दल काही अडलं, की ते माझ्याकडे येतात. माझी ख्याती चित्रीकरणासाठी कधीच नव्हती, ते माझं बेताचंच. ख्याती बॅटरीसाठी. 'वासूभाऊंची बॅटरी कधी पडत नाही,' असं लोक म्हणायचे, आणि मला ऐकू येईल इतक्या जवळ म्हणायचे. ही ख्याती खोटी कशी ठरली ते सांगायला बसलोय, हे वाचल्यावर ती जाईलच. ती जाण्याचं दुःख फार नाही. ती राखण्यासाठी एका भल्या माणसाचं नाव मी खाली ओढलं, त्याची लाज वाटते. ती लाज पानोपानी दिसेल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, व्हिडिओवाल्याचा जीव भिंगात असतो. तो बॅटरीत असतो. भिंगाने दगा दिला तर चित्र फार तर धूसर येतं, बॅटरीने दगा दिला तर येतच नाही. आणि बॅटरी कधीही जेवणाच्या पंगतीत जात नाही, ती अंतरपाट दूर होतानाच जाते. सुरुवातीच्या काळात कॅमेरा खांद्यावर आणि शिशाच्या बॅटऱ्यांचा पट्टा कमरेला, असा आमचा अवतार असायचा. संध्याकाळी पट्टा सोडला तरी माणूस बराच वेळ वाकडाच चालायचा. मग निकेलच्या बॅटऱ्या आल्या. त्यांची खोड अशी, की पुरत्या रिकाम्या न करता भरल्या तर त्या हळूहळू कमीच भरू लागत. आताच्या लिथियमच्या बॅटऱ्यांचं नेमकं उलटं आहे. त्यांना तळाशी जाऊ द्यायचं नाही, तुडुंब भरून महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, उन्हात तर मुळीच ठेवायचं नाही. काम नसेल तेव्हा अर्ध्यामुर्ध्या भरून थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. कोकणात कोरडी जागा कुठे मिळते ते मला विचारू नका. मी घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवतो, आणि त्यापायी आमच्या घरात चकल्यांना डबा उरत नाही अशी बायकोची जुनी तक्रार आहे.

आमच्याकडे बॅटरीचा खरा वैरी म्हणजे खारी हवा. बॅटरीच्या एका टोकाला बारीक खाचा असतात, त्याला आम्ही तोंड म्हणतो. कॅमेऱ्याची धातूची पाती त्या खाचांत बसतात आणि तिथून वीज कॅमेऱ्यात जाते. खाऱ्या हवेने तिथे हिरवट थर धरतो, आणि भरलेली बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. म्हणून माझा नियम असा, की कामाला निघण्याआधी प्रत्येक बॅटरीचं तोंड मऊ ब्रशने आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. मी हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं आहे. न विचारणाऱ्यांनाही शिकवलं आहे.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. खेडच्या एका लग्नात मुलीचे काका दर थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन कानात म्हणायचे, "बंद करा हो जरा, बॅटरी वाचवा. सूनमुखाला लागेल." मी बंद करत नव्हतो, तेव्हा ते स्वतःच भिंगासमोर हात धरून उभे राहायचे. त्या लग्नाच्या व्हिडिओत काकांचा तळहात नवऱ्या मुलापेक्षा जास्त आहे. गणपतीपुळ्याला लग्नाआधीचं हौसेचं चित्रीकरण करायला पुण्याचं एक जोडपं आलं होतं. त्यांनी बरोबर आणलेल्या व्हिडिओवाल्याने बॅटऱ्या बंद गाडीत, पुढच्या काचेखाली, भर उन्हात ठेवल्या होत्या. त्या पुऱ्यांसारख्या फुगल्या. मी त्या हातात घेऊन त्या बिचाऱ्याला किनाऱ्यावरच मोठं प्रवचन दिलं, त्याची गिऱ्हाइकं ऐकत असताना. त्या माणसाचा उतरलेला चेहरा मला हल्ली आठवतो. तेव्हा दिसला नव्हता.

आणि हेदवीची ती मुंज. बटूच्या कानात मंत्र सांगायची वेळ आली आणि माझी बॅटरी बदलायची होती. गुरुजी बटूच्या कानाशी तोंड नेऊन तसेच थांबले आणि तिरक्या नजरेने मला म्हणाले, "झाली का तुमची? मुहूर्त चाललाय." सगळे हसले, मीही हसलो. देवाधर्माचं काम आपल्यासाठी थांबतं, याचा मला तेव्हा चक्क अभिमान वाटला होता. व्हिडिओवाल्याचं असंच होतं. माणसं त्याचं ऐकतात. उठा म्हटलं की उठतात, परत हार घाला म्हटलं की परत घालतात. हळूहळू त्याला वाटायला लागतं, हे सगळं आपल्याच हुकमाने चाललंय.

आता मुनाफभाईंबद्दल. हे लिहायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. "लिवा, पन मना उगाच मोठा करू नका," एवढीच त्यांची अट होती.

खाडीपलीकडे एका गावात त्यांचं घर आहे. मुनाफभाईंनी उमेदीची सगळी वर्षं मस्कतला मोठमोठ्या इमारतींची वायरिंग करण्यात घालवली. दीड-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचं, आईवडिलांना भेटायचं, परत जायचं. आई गेली तेव्हाही ते तिकडेच होते. गेल्या वर्षी मात्र ते कायमचं राहायचं ठरवून परत आले. वडील हसनमियाँ जुने जहाजावरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, जगभरची बंदरं पाहिलेला माणूस, पण पक्षाघाताने डावी बाजू गेली आणि माडीवरच्या खोलीत पलंगाला खिळले. मुनाफभाईंना त्यांच्यापाशी राहायचं होतं. गावातच पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढायचं ठरवलं होतं. घराच्या पडवीत फळ्याही ठोकून झाल्या होत्या. अशा दुकानाला पाटी लागत नाही, जाहिरात लागत नाही. 'त्याचा हात चांगला आहे', एवढं गावात बोललं जावं लागतं. त्याच्यावरच त्यांचं घरी राहणं अवलंबून होतं, आणि हे मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी त्यांच्या भाचीचा, तस्नीमचा, निकाह होता. तस्नीम आजोळी वाढलेली, हसनमियाँच्या मांडीवर मोठी झालेली. व्हिडिओचं काम मुनाफभाईंनी मला दिलं. मी मोठी कामं सोडलीत असं म्हणून जरा आढेवेढे घेतले आणि लगेच हो म्हटलं. कारण मी नुकताच नव्या बॅटऱ्यांचा संच घेतला होता आणि तो कुणाला तरी दाखवायचा होता.

ठरवायला गेलो तेव्हा मुनाफभाई म्हणाले, "भाऊ, आब्बांना मंडपात आनतो. मी पाठीवर घेतो, काय जड नाय ते आता."

मी म्हणालो, "कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास? जिना केवढा अरुंद आहे. कॅमेऱ्यावर मी एक छोटी पेटी लावतो, ती चित्र हवेतून वर टीव्हीला पाठवते. मंडपात बसून दिसणार नाही इतकं स्वच्छ त्यांना पलंगावर दिसेल."

मुनाफभाई थोडा वेळ जिन्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हनताव तर तसा करू."

हसनमियाँनाही मी वर जाऊन सांगितलं. ते खूश झाले. गावात कुणाला मिळाला नसेल असा मान मिळतोय असं त्यांना वाटलं, आणि मलाही तसंच वाटलं.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा कोयता, तसा माझा कॅमेरा. दरवर्षी बायको, शैला, पूजा मांडते आणि कॅमेऱ्याच्या पिशवीला कुंकवाचं बोट लावते, की झालं. त्या वर्षी नव्या बॅटऱ्यांचं कौतुक होतं, म्हणून मी स्वतः मांडायला बसलो. पाटावर सहाही बॅटऱ्या उभ्या केल्या, टोप्या काढून, तोंडं वर करून. ओलं कुंकू केलं आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ठसठशीत बोट टेकवलं. चष्मा दुकानात होता.

शैला म्हणाली, "अहो, तोंडावर कशाला ओलं लावताय? नुसत्या अक्षता टाका की."

मी म्हणालो, "पूजा करायची ती नीट करावी."

कामाला निघण्याआधी माझ्या नियमाप्रमाणे तोंडं पुसायला ब्रश घेतला, आणि तसाच ठेवला. पूजेचं कुंकू पुसत नाहीत. ते आपलं आपण जाऊ द्यायचं असतं. वर वर तर काही दिसतही नव्हतं, कोरडं होऊन खाली खाचांत बसलेलं होतं. वायर लावून कॅमेरा चालवायचा जोडही त्या दिवशी घरी ठेवला. नव्या सहा बॅटऱ्या असताना ते लोढणं कशाला न्यायचं?

शुक्रवारी दुपारीच पोचलो. मंडप पाहुण्यांनी भरत होता, आतून बिर्याणीचा वास येत होता. मुनाफभाई पांढऱ्या कपड्यांत सगळीकडे धावत होते, तरी माझा चार्जर त्यांनी स्वतः लावून दिला. थोड्या वेळाने माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, ह्यो चार्जरचा दिवा लुकलुकतोय. सरळ राहत नाय. कायतरी हाय. एकदा बघा."

मी म्हणालो, "नवा चार्जर आहे, तो असाच असतो."

तो असाच नसतो. दिवा लुकलुकतो याचा अर्थ बॅटरीला वीज नीट पोचत नाही, हे मी सगळ्या जिल्ह्याला शिकवलं आहे. पण ते मी सांगायचं, मला कुणी सांगायचं नाही, अशी माझी समजूत होती.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली. काझीसाहेब बसले, नवरा मुलगा बसला. वर टीव्हीवर चित्र गेलं होतं. खिडकीतून हसनमियाँचा आवाज आला, "दिसतंय, दिसतंय!" मंडपातले लोक हसले. माझी छाती फुगली. काझीसाहेबांनी सुरुवात करायला घसा खाकरला आणि कॅमेरा गेला. बॅटरी बदलली. चालू झाला, परत गेला. तिसरी लावली, ती पेटलीच नाही. चौथी, पाचवी, सहावी. वरून आवाज आला, "गेला रे गेला!" काझीसाहेब थांबले. सगळा मंडप थांबला. हेदवीला थांबले होते तसे हसत नाही थांबले, माझ्याकडे बघत थांबले.

सहाच्या सहा बॅटऱ्या एकाच वेळी जात नाहीत. जातात तेव्हा कारण एकच असतं आणि ते समोर असतं. मी शांतपणे चष्मा लावून बघितलं असतं तर सापडलं असतं. पण माझ्या कपाळावर घाम आला होता, सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि मला फक्त ते डोळे दुसरीकडे वळायला हवे होते.

मी मोठ्याने म्हणालो, "मुनाफभाई, कुठे लावला होतात चार्जर? जनरेटरच्या लाइनवर ना? काय केलंत तुम्ही? सगळ्या बॅटऱ्या मारल्यात माझ्या!"

बायकांच्या बाजूचा आवाजही थांबला. मुनाफभाई माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. "नाय भाऊ, घरच्या लाइनवर लावलेला," एवढंच ते म्हणाले. मी तरी थांबलो नाही. "नाजूक वस्तू असतात या. मस्कतच्या वायरिंगसारखं नसतं हे." हे वाक्य मी बोललो.

मुनाफभाईंनी चपला काढल्या आणि घरात गेले. काही वेळाने त्या अरुंद जिन्यावरून ते वडिलांना पाठीवर घेऊन खाली आले. हसनमियाँचा चांगला हात त्यांच्या गळ्यात, दुसरा लोंबत. मंडपात खुर्ची मांडली, उशा लावल्या. म्हातारा सगळ्यांकडे बघत म्हणाला, "टीवी पडला. मी नाय पडलू अजून!" मंडप हसला, काझीसाहेबही हसले, आणि निकाह सुरू झाला. नातजावई 'कबूल' म्हणाला तेव्हा हसनमियाँ चार पावलांवर बसून बघत होते. मुनाफभाईंना पहिल्यापासून हेच करायचं होतं.

मी एका कोपऱ्यात खाली बसून चष्मा लावला. बॅटरीच्या खाचांत लाल खपली बसलेली होती. सहाही बॅटऱ्यांच्या. रुमालाचं टोक पाण्यात बुडवून पिळलं, खाचांतून फिरवलं, कोरड्या बाजूने पुसलं. रुमालावर लाल डाग उमटले. बॅटरी लावली. कॅमेरा चालू झाला.

इथे उठून उभं राहायचं होतं आणि जे आधी मोठ्याने बोललो होतो त्याच आवाजात सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण शेजारच्या एका पाहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "भाऊ, काय हात हाय तुमचा! त्यानं बिघडवलान, तुमी जिवंत केलाव." आजूबाजूच्या लोकांनी माना हलवल्या. आणि मी रुमाल मुठीत चुरगाळून खिशात घातला आणि चित्रीकरणाला लागलो. कौतुक मी घेतलं. चुकून नाही, समजून घेतलं.

जेवायच्या वेळी माझ्या ताटात बिर्याणी मुनाफभाईंनीच वाढली. तेवढ्या वेळात दोघातिघांनी त्यांची थट्टा केली होती. "मुनाफ, पंख्याला हात लावू नको हां, पाहुने उकाड्यान मरतील!" कोकणात थट्टा एकदा चिकटली की सहज सुटत नाही. ते हसत होते. मी ताटातलं सगळं संपवलं.

निघताना ते मला गाडीपर्यंत पोचवायला आले. तिथे कुणी नव्हतं, तेव्हा मी बोललो. खिशातून रुमाल काढून दाखवला. पूजेचं सांगितलं, कुंकवाचं सांगितलं, तुमचा काही दोष नव्हता म्हणालो. वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी रुमाल हातात घेऊन बघितला, परत घडी करून माझ्या हातात ठेवला.

"राहूदे भाऊ," ते म्हणाले. "आता कुंकवाचा नाव काडू नका. निकाह कुंकवापायी अडला, असा कुनीतरी बोलायचा, मग दुसरा त्याच्यावर आनखी बोलायचा. आज पोरीचा दिवस हाय. माज्यावर हाय तसा माज्यावरच राहूदे."

मी लगेच कबूल झालो. मला सुटल्यासारखं वाटलं. तेच तर सगळ्यात वाईट. घरी जाताना मी स्वतःला समजावत होतो, की मी गप्प बसतोय ते दोन समाजांत बोलाचाली नको म्हणून. त्यांनी दिलेला मोठेपणा मी आपलाच म्हणून अंगावर चढवला. शैलाला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आणि तुम्ही जेवून आलात?"

निकाहचा व्हिडिओ तयार व्हायला मी मुद्दाम वेळ लावला. सुरुवातीचा भाग नव्हताच, उरलेल्याला गाणी लावून लावून सजवत बसलो. पेन ड्राइव्ह घेऊन खाडीपलीकडे गेलो तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. पडवीत फळ्या होत्या, पण त्यांच्यावर जुनी जाळी आणि रिकामे क्रेट पडलेले होते. तस्नीमच्या आईने, म्हणजे मुनाफभाईंच्या बहिणीने, सांगितलं, "मुनाफ परत गेला. इकडं काय जमला नाय त्याचा. लोक गंमत करायचे, काम कोन आनायचा नाय."

मी वर गेलो. हसनमियाँ पलंगावर टेकून बसले होते. त्यांनी मला ओळखलं आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आधी चांगला हात छातीशी नेला.

"भाऊ, बरा झाला आलाव. मना तुमची माफी मागायची होती."

"माझी?"

"पोराकडून तुमचा नुकसान झाला. भर मंडपात तुमची पंचाईत केलान. हात चांगला हाय त्याचा, पन घाई करतो. बाप म्हनून मीच माफी मागतो."

मला बसायला सांगितलं नव्हतं, तरी मी खाली जमिनीवर बसलो. जगभरचा समुद्र पाहिलेला माणूस अर्ध्या अंगाने माझ्यासमोर वाकत होता, आणि तेही माझ्या चुकीसाठी. मुनाफभाईंनी बापालासुद्धा सांगितलं नव्हतं. गप्प राहायचं म्हणजे सगळ्यांशी गप्प राहायचं, असं त्यांनी धरलं होतं. मी मात्र फक्त स्वतःच्या सोयीपुरता गप्प होतो.

मी सांगायला सुरुवात केली. खंडेनवमीपासून सांगितलं. शैलाने अडवलं होतं ते सांगितलं, चार्जरचा दिवा लुकलुकत होता आणि तो मुनाफभाईंनीच मला दाखवला होता तेही सांगितलं. माझ्या पाठीवर पडलेली थाप सांगितली. रुमालाचं आणि गाडीजवळच्या बोलण्याचं सांगितलं. हसनमियाँ खिडकीतून खाडीवरच्या होड्यांकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "त्या दिवसानंतर मी त्याला ह्या खोलीतला बल्ब पन बदलू दिला नाय. स्टुलावर चडला होता, मी बोललू, उतर, राहूदे, रत्नागिरीतनं मानूस बोलावू." पुढे म्हणाले, "उतरला. काय बोलला नाय."

त्यांचा आवाज तसाच होता. डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मंडपातले लोक थट्टा करणार हे मी धरून चाललो होतो, दुकान चाललं नाही याचाही अंदाज होता. पण माझं एक वाक्य जिना चढून या खोलीपर्यंत आलं असेल आणि बाप-लेकांच्या मध्ये बसलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"फोन लावा त्याला," हसनमियाँ म्हणाले.

मी माझ्याच मोबाइलवरून मस्कतला लावला आणि आवाज मोठा केला. वाजत होता तेवढ्या वेळात फोन त्यांच्या पुढे धरला. वडीलच आधी बोलतील, मग माझं सोपं होईल, असा विचार अजूनही माझ्या मनात होता. त्यांनी बोटाने फोन माझ्याकडे परत ढकलला.

"आधी तुमी."

पलीकडून मुनाफभाईंचा घाबरलेला आवाज आला, "सलाम भाऊ. आब्बा बरे हायत ना?"

"बरे आहेत. इथेच आहेत, ऐकतायत," मी म्हणालो. "मुनाफभाई, मी त्यांना सगळं सांगितलं. चूक माझी होती. तुमच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं."

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी हिंदीत हाका मारत होतं. मुनाफभाई माझ्याशी बोललेच नाहीत.

"आब्बा," ते म्हणाले, "ऐकलाव?"

हसनमियाँनी नुसती मान हलवली, एकदा, मग पुन्हा पुन्हा. मस्कतला ती दिसणार नव्हती. म्हणून मीच सांगितलं, "ऐकलं त्यांनी, मुनाफभाई. मान हलवतायत. अजून हलवतायत."